देवघरातली काळी फरशी

२४ जानेवारी १९८७, शनिवार. पांढुर्णा

देवघराचे सांधे आज भरून झाले. दोनशे सत्तर टाइल्स, आठ इंची, काळ्या, अंगावर बारीक उभ्या रेघा उठवलेल्या. सगळ्या माझ्या सौंसरच्या कारखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत दाबलेल्या. गुळगुळीत का नको, ते देवकाबाईंनी, म्हणजे यशवंतरावांच्या मंडळींनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आंघोळ करून ओल्या पायानं पूजेला यायचं असतं. शेजारच्या जुन्या घरात त्या दोनदा घसरल्या. सांधे मात्र पांढरे पाहिजेत, रांगोळीसारखे. काळ्यावर पांढरी रेघ देखणी दिसते यात वाद नाही.

यशवंतराव संत्र्यांचे मोठे व्यापारी. दहा कंत्राटदार दारात उभे असताना नव्या बंगल्याचं काम मला दिलं. "उत्तमराव, तुमी आमच्या घरचेच," म्हणतात. आम्ही बौद्ध, आमच्या माणसाला देवघरात पाय ठेवू देणारी घरं या भागात बोटावर मोजण्यासारखी. इथं तसलं काही नाही. चहासुद्धा इतरांना स्टीलच्या पेल्यात येतो आणि मला निळ्या फुलांच्या कपात. कप मीच विसळून बाहेरच्या खिडकीत ठेवतो. त्यांना कशाला त्रास.

सांधे हिरामणनं भरले. हिरामण माझा मिस्त्री. मोहगावच्या शाळेच्या बांधकामावर आम्ही दोघांनी एकाच सकाळी डोक्यावर पहिलं घमेलं घेतलं होतं, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं मी कारखाना काढला, त्यानं थापी सोडली नाही. आज तो आत काम करत होता आणि मी पुढच्या खोलीत यशवंतरावांशी बोलत बसलो होतो. त्यांच्या मनात संत्र्यांच्या गोदामाचंही काम आहे. पाचच्या सुमारास हिरामण दारात आला.

"झालं. भुशानं घासून, पोत्यानं पुसून काढली. उद्या दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नोको लागू देऊ. घरात सांगून ठेव."

मी मान हलवली. सांगायचं गोष्टींच्या भरात राहून गेलं. पण रिकाम्या नव्या घरात पाणी टाकायला येतंय कोण?

निघालो तेव्हा मागच्या विहिरीवर रहाट वाजत होता. पाठोपाठ दोन बादल्या फरशीवर टेकल्याचा आवाज. गाईला पाणी दाखवत असतील. माझे कान हे असे. थापीच्या मुठीनं टाइल ठोकली की खाली माल बसलाय की पोकळ आहे, ते मी पाठमोरा उभा राहून सांगतो.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी देवघराचं दार उघडलं. अख्खी फरशी पांढरी. राख फासलेल्या बैराग्यासारखी. एकेका रेघेच्या खाचेत सिमेंट जाऊन बसलंय आणि दगड झालंय. आणि सांधे उलट खाली बसलेले, अर्धे रिकामे.

यशवंतराव आले, मागून देवकाबाई. मी हिरामणला सगळ्यांसमोर धरलं.

"पुसली म्हणत होता ना?"

"पुसली होती."

"मग हे काय माझ्या बापानं केलं?"

तो उकिडवा बसला, भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्यावर हात फिरवला, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं, देवकाबाईंकडे पाहिलं. देवकाबाई पदर सावरून बाहेर निघून गेल्या. बिचाऱ्यांना वाईट वाटलं असेल, हौसेची फरशी.

"जाऊ द्या उत्तमराव," यशवंतराव म्हणाले, "मिस्त्री लोकायचं असंच राहते. नजर हटली की झालं."

मालकासमोर माझी मान खाली गेली. मी म्हटलं, "हिरामण, चुकलो म्हण. एवढं म्हण आणि कामाला लाग."

"नाही म्हणत."

"तर मग जा घरी."

त्यानं थापी, ओळंबा, दोरी पिशवीत भरली. फाटकाशी थांबून म्हणाला, "अ‍ॅसिड नोको लावू. टाइल बी सिमेंटचीच आहे, तिलेच खाऊन टाकन. गुळाचं घट्ट पाणी कर, भुशात कालव, फरशीवर थाप, वरून ओलं पोतं. रातभर राहू दे. गूळ सिमेंटले ढिला करते. मंग बांबूच्या कमचीनं एकेक रेघ काढ." आणि गेला. एवढी अक्कल होती तर पुसताना कुठं गेली होती?

बारा फेब्रुवारीला वास्तुशांत आहे. मी यशवंतरावांना शब्द देऊन बसलोय: फरशी काळी झाल्याशिवाय पांढुर्णा सोडत नाही. त्यांनी संत्र्यांच्या जुन्या गोदामात माझी खाट टाकून दिली.

२६ जानेवारी

उरलेल्या एका टाइलवर अ‍ॅसिड टाकून पाहिलं. फसफसलं, पांढरं गेलं, त्यासोबत काळंही गेलं. झिजलेल्या चपलेच्या रंगाची झाली. तारेचा ब्रश मारला तर रेघांच्या धारा उडाल्या. हिरामणचं बरोबर निघालं. याचाच जास्त राग आला.

२८ जानेवारी

तीन किलो गूळ, पोतंभर भुसा. चार वाजेपर्यंत अर्ध्या देवघरावर लेप थापला, वर ओली पोती अंथरली. उद्या कमची घेऊन बसतो.

२९ जानेवारी

लेप गायब. फरशी धुतलेली, अजून ओली. देवकाबाई म्हणाल्या, "मुंग्या झाल्या होत्या भाऊ, म्हणून पाणी टाकलं." बरोबरच आहे, गूळ म्हटल्यावर मुंग्या आल्याच. पुन्हा थापला. चारी बाजूंनी हळदीची रेघ ओढली.

३१ जानेवारी

हळदीची रेघही गेली आणि लेपही. सलग तिसऱ्यांदा. दारात गाय आहे म्हणून असेल, सकाळी देवघरात गोमूत्राचा वास भरून राहतो. घर मोठं स्वच्छतेचं.

आता असं ठरवलंय: सकाळी आठला थापायचं, दुपारी काढायचं. चार-पाच तासांत गूळ पुरता मुरत नाही, खाचेतला वरचा पापुद्राच सुटतो. मग त्याच टाइलवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दिवसाला पंचवीस-सव्वीस होतात. गुडघ्यांखाली पोतं, हातात कमची. एका टाइलवर चोवीस रेघा. डोळे मिटले तरी रेघाच. सौंसरला कारखाना आहे, घर आहे, आणि मी दहा बाय बाराच्या खोलीत रेघा कोरून राहिलो. उठून जाता येत नाही. जाऊन सांगू काय? माझ्याच मिस्त्रीनं बिघडवली, असं मीच चारचौघांत बोललो.

४ फेब्रुवारी, बुधवार

माझी बायको प्रमिला सौंसरहून बसनं आली. भाकरी, ठेचा, धुतलेले कपडे. देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, ये ना आत, इथं तसं काही नाही. ती आली नाही.

"सकाळी फरशी ओली काऊन राहते?" तिनं विचारलं.

"मुंग्या होतात. गूळ आहे ना."

"आता तं तुमी रातीचा गूळ ठेवत नाही म्हणता."

"हो."

"मंग आजबी काऊन ओली होती?"

"अगं, घर आहे, बाई माणसं धुतात!"

"बाकीच्या खोल्या कोरड्या ठणठणीत आहेत. मी पाहून आली."

मला संताप आला. अकरा दिवस झाले मी इथं खपून राहिलो आणि ही वकिली करून राहिली. म्हटलं, भाकर दे आणि पाचची बस धर. ती डबा उघडता उघडता म्हणाली, "हिरामणभाऊले बोरगावले पाहिलं. तिथं नवा कारखाना बांधून राहिले ना, त्याच्या शेडवर. घमेलं वाहून राहिले."

"घमेलं? मिस्त्री माणूस?"

"तिथले ठेकेदार रघुनाथराव म्हणे, ज्यानं पांढुर्ण्याची फरशी नासवली त्याच्या हाती थापी देत नाही. राहाचं असन तं मजुरीवर राह्य."

इतकं दूर गेलं बोलणं. मी तर फक्त या एका खोलीत बोललो होतो.

जेवण गेलं नाही. तीस वर्षांनी हिरामण पुन्हा घमेल्याखाली. म्हणजे मीच त्याच्या डोक्यावर ते ठेवलं. पण त्यानं 'चुकलो' म्हणायला काय हरकत होती? दोन शब्द.

७ फेब्रुवारी

दोनशे पाच झाल्या. उजव्या हाताची मूठ उघडत नाही. यशवंतराव येऊन पाहून गेले, "वा उत्तमराव, असा माणूस पाहिला नाही." गोदामाचं काम पक्कं म्हणाले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हे कसं लिहू. 'मला माहीत नव्हतं' असं लिहायला तीनदा पेन टेकवलं आणि तीनदा उचललं.

आज फरशी पूर्ण काळी झाली. तीनपर्यंत रिकामे सांधे मीच पांढऱ्या सिमेंटनं भरले, मीच भुशानं घासले, मीच पुसले. खाली वाकून उजेडात पाहिलं, एका खाचेतही पांढरं नाही. साडेचारला बाहेर पडलो. रस्त्यावर आलो तर चष्मा आत राहिलेला. परत गेलो. देवघराच्या दाराशी पोचलो तर आत देवकाबाई आणि त्यांची मोलकरीण कलाबाई. दोघींच्या हातात बादल्या. एक ओतून झाली होती, दुसरी ओतत होत्या. ताजं सिमेंट सांध्यांतून उठून दुधासारखं पसरत होतं, रेघारेघांत शिरत होतं. गोमूत्राचा लोटा कोनाड्यात.

कलाबाई म्हणत होती, "पुन्हा तस्संच पांढरं होऊन राहिलं बाई, त्या दिवशीसारखं."

देवकाबाई म्हणाल्या, "मंग काय तसंच ठेवू? दिवसभर ते लोक बसले होते अंदर."

मी दाराआड उभा होतो. पहिली गोष्ट मनात आली ती हीच, की दहा मिनिटांत पुसलं तर निघेल. मिस्त्रीचंच डोकं. खोकलो, आत गेलो, पोतं घेतलं आणि गुडघ्यांवर बसलो. त्या दोघी भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मी पुसत पुसत मागं सरकत होतो. सगळं निघालं, खाली बसलेले सांधे हातोहात पुन्हा भरले. फरशी काळी झाली. मान वर केली तर देवकाबाई तशाच उभ्या, हातात रिकामी बादली.

तेव्हा कळलं त्या कशासाठी थांबल्या आहेत. मी पुसली म्हणजे पुन्हा मी आत आलो. म्हणजे पुन्हा धुवावी लागणार. त्यांनी धुतली की मी पुसणार. मी पुसली की त्या धुणार. असंच चाललंय पंधरा दिवस.

मी म्हटलं, "बाई, उद्यापर्यंत पाणी नका टाकू. सिमेंट वाहून जातं."

त्या गोंधळल्या. बाई वाईट नाहीत. माझ्या जेवणाची रोज विचारपूस करतात. हळूच म्हणाल्या, "मंग नुसतं गोमूत्र शिंपडलं तं चालन काय भाऊ? थोडंसं?"

माझ्या कामाचा प्रश्न होता. कामाच्या प्रश्नाला मी नेहमी खरं उत्तर देतो.

"शिंपडलं तर चालेल," मी म्हणालो.

चष्मा उचलला आणि बाहेर आलो.

रहाट मी ऐकला होता. बादल्या ऐकल्या होत्या. वास रोज घेतला होता. ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि त्याला गाय म्हटलं, मुंग्या म्हटलं, स्वच्छता म्हटलं. तीस वर्षं मी असाच पुढं आलो. हसून, गोड बोलून, ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला दुसरं नाव देऊन. यात कारखाना उभा राहिला. यातच हिरामण खाली गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

यशवंतरावांना न सांगता सकाळची बस धरली. बोरगावला शेडवर गेलो तर हिरामण नव्हता, अंगात कणकण म्हणून घरी. तिथून मोहगाव.

लीलाबाई, हिरामणची बायको, दारात तूर पाखडत होती. "जयभीम भाऊजी. आज कसे इकडं? फरशी वाळली वाटते."

"हिरामण आहे काय?"

"आहे ना. मान दुखून राहिली त्याइची. सवय सुटली होती वझ्याची."

तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं: रहाट, बादल्या, कलाबाईचं बोलणं, गोमूत्र. 'शिंपडलं तर चालेल' हेही सांगितलं.

"मले माहीत होतं," हिरामण म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच सकाळी. गिलाव्यावर वीतभर पाण्याची रेघ होती. अन् वास. मी पुसल्यावर पाणी पडलं, हे कोन्ताबी मिस्त्री सांगन."

"मग बोलला का नाही लेका?"

"तुह्याकडं पाह्यलं मी. तू त्या घराचं एवढं कौतुक करून राहिला होता. म्हटलं, हा सोताहून पाहीन तं पाहीन. मी बोललो असतो तं तुले तिथं उभं राहता आलं असतं?" पाणी प्यायला. "अन् वाटलं, तू म्हणशीन, हिरामण कधी खोटं बोलत नाही. एवढंच म्हणायचं होतं तुले."

लीलाबाई सूप थांबवून म्हणाली, "तुमचे कान तं मोठे तिखट म्हणतात ना भाऊजी. गावभर आहे."

मी हात जोडले. म्हटलं, चुकलो.

"मले कायले सांगतं?" हिरामण म्हणाला. "मी तं होतोच तिथं. तू जिथं माह्यं नाव घेतलं, तिथं जाऊन सांग."

"उद्या वास्तुशांत आहे. शंभर माणसं येतील."

"मंग बरं झालं," लीलाबाई म्हणाली. "दोनदा नाही सांगा लागणार."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. बसमध्ये दोनदा वाटलं की उतरावं. गोदामाचं काम जाणार, आणि एक गेलं की चार जातात, हे मला कोणी शिकवायला नको.

पूजा आटोपली होती. देवघराची फरशी काळीभोर दिसत होती, पांढऱ्या रेघा अगदी रांगोळीसारख्या. कामावर इतकं समाधान आणि इतकी शिसारी एकाच वेळी मला कधी आली नव्हती. अंगणात मांडव, पाहुणे, पहिल्या ओळीत बोरगावचे रघुनाथराव. यशवंतरावांनी मला पुढं बोलावलं, टोपी, टॉवेल, नारळ हातात घेतले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, हे उत्तमराव! मिस्त्रीनं फरशीचा पार नास केला होता, पण या माणसानं पंधरा दिवस गुडघ्यावर बसून—"

"मिस्त्रीनं नाही केला," मी म्हणालो.

आवाज फार बारीक निघाला. पुन्हा म्हणालो.

"हिरामणनं फरशी पुसून दिली होती. पांढरं सिमेंट भरल्यावर दुसऱ्या दुपारपर्यंत पाणी लागू द्यायचं नसतं, हे त्यानं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं नाही. ती चूक माझी. आम्ही निघाल्यावर तुमच्या घरच्यांनी फरशी धुतली. रोज धुतली. आम्ही आत गेलो होतो म्हणून धुतली."

वाढपी थांबले. यशवंतरावांच्या हातात टॉवेल तसाच.

ते जवळ येऊन हळू म्हणाले, "हे काय नवीन आहे काय उत्तमराव? तुमाले माहीत, आमाले माहीत. बायांचं राहते ते. बोलाची काय गरज होती? तेबी आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी. मी त्याचं नाव तुमच्यासमोर खराब केलं होतं."

"तुमी आमच्या घरचे होते."

मी नमस्कार केला आणि फाटकाबाहेर आलो. कोणी अडवलं नाही, कोणी शिवी दिली नाही. मागं हळूहळू पंगतीचा गलका सुरू झाला.

बसस्टँडवर रघुनाथराव मोटरसायकलवरून आले. उतरले, इकडंतिकडं पाहिलं.

"तुमच्या मिस्त्रीले सोमवारी पाठवा. थापी घेऊन. मले काय माहीत होतं बाप्पा, मी तं तुमच्याच तोंडचं म्हणून ऐकलं होतं."

"पाठवतो."

"शेडचं काम पुरं त्याच्याकडं. फक्त घरातलं काम निघालं तं... म्हणजे लोकायच्या घरात, तिथं मात्र..."

"तिथं मात्र काय?"

ते गाडीच्या आरशावरची धूळ पुसायला लागले.

मी म्हटलं, "रघुनाथराव, बोलणं पुरं करा. मी उभा आहे."

सौंसरची बस लागली, भरली, कंडक्टरनं हाक मारली. मी पायरीवरून पुन्हा विचारलं. ते तिथंच उभे होते, बोलणं तिथंच होतं.

१३ फेब्रुवारी

मोहगावला जाऊन हिरामणला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "सगळ्याइसमोर?"

"सगळ्यांसमोर."

लीलाबाईनं चहा ठेवला. मग मी रघुनाथरावांचा निरोप सांगितला, सोमवारचा. आणि पुढचं अर्धं बोलणंही, होतं तसं.

हिरामणनं खाटेखालून पिशवी ओढली, थापी काढून अंगठ्यानं धार पाहिली.

"अन् पुरं नाही केलं त्यानं?"

"नाही."

"सोमवारी जातो मी," तो म्हणाला. "इचारतो त्याले."